पुढच्या रांगेतले हसू

बायकोचे वर्षश्राद्ध व्हायला अजून अवकाश असताना मी एका मंगल कार्यालयात गेलो, पुढच्या रांगेत बसलो आणि हसलो. त्या हसण्याची त्या दिवशी फार लाज वाटली. आता त्याची वाटत नाही. आता वाटते ती हसल्यानंतर मी जे केले त्याची, आणि ती काही केल्या जात नाही.

कुंभकोणममध्ये हौशी मुलामुलींचे एक फिल्म मंडळ आहे. त्यांच्या स्पर्धेची रीत अशी की प्रत्येक गटाने आधी डब्यातून एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीवर प्रकार लिहिलेला असतो: भय, प्रेम, रहस्य, विनोद. जो निघेल त्या प्रकारातला दहा मिनिटांचा लघुपट करून आणायचा. फिल्म कितीही चांगली असली आणि चिठ्ठीत बसत नसली तर ती स्पर्धेतून बाद. हे बसणे-न बसणे ठरवण्यासाठी त्यांना कोणीतरी शिकलेला माणूस हवा होता. मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवून निवृत्त झालेला. शोकांतिका म्हणजे काय, सुखांतिका म्हणजे काय, हे फळ्यावर लिहिण्यात माझा जन्म गेला. म्हणून ते माझ्याकडे आले.

बायको गेल्यापासून मी फक्त भाजीला आणि वाचनालयात जात होतो. माझी धाकटी मेव्हणी पलीकडच्या गल्लीत राहते. दिवसातून एकदा येऊन मी जेवलो की नाही हे भांड्यांवरून ओळखते. तिला विचारले, जाऊ का?

"कुठें आहे तें?"

"कल्याण मंडपात."

"लग्नाच्या हॉलांत? वर्ष झालें नाहीं तर?"

"आडी महिना आहे. लग्ने नाहीत म्हणून तर हॉल फुकट मिळालाय त्यांना."

तिने थोडा विचार केला. "कोणी विचारलें तर पेपर तपासायला जातों म्हणून सांगां, भावजी. पेपर तपासायला सुतक नाहीं."

आमच्या घरी असे बोलतात. आमचे पूर्वज तंजावरच्या दरबारामागून इकडे आले, आणि त्यांच्याबरोबर आलेले मराठी आम्ही घरातल्या घरात जपत, तमिळमध्ये भिजवत वापरत राहिलो. पुण्याकडची माणसे ऐकतात तेव्हा त्यांना मौज वाटते. हे जे मी लिहितो आहे ते मराठी मी पुस्तकांतून शिकलो. हसू मात्र मला अजून घरच्याच मराठीत येते, हे इथे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे काम आहे.

चिठ्ठ्या उचलण्याच्या दिवशी मला चार शब्द बोलायला सांगितले. मी म्हणालो, पडद्यावर काय आहे त्यावरून फिल्मचा प्रकार ठरत नाही, समोर बसलेल्या माणसाचे काय होते त्यावरून ठरतो. भूत दाखवूनही हसवता येते, आणि लग्न दाखवून घाबरवता येते. मुले हसली. माझ्याबरोबर आणखी दोन परीक्षक होते. एक लग्नांचे व्हिडिओ काढणारा स्टुडिओवाला, गोड आणि मोठ्या आवाजाचा. दुसऱ्या म्हणजे कॉलेजात चित्रणकला शिकवणाऱ्या बाई, कमी बोलणाऱ्या. दोघेही तमिळ. स्टुडिओवाल्याला माझे वाक्य इतके आवडले की नियमांच्या कागदावर त्याने ते सगळ्यात वर छापून घेतले.

विनोदाची चिठ्ठी उचललेली एक मुलगी नंतर माझ्याजवळ आली. तिरुविडैमरुदूरची, आमच्यातलीच. तिच्या वडिलांची आणि माझी जुनी ओळख.

"मामा, आपल्या मराठींत केलें तर चालेल? खालीं तमिळ अक्षरें घालीन."

"चालेल की. पण मराठीतच का?"

"तमिळमध्यें मी शहाण्यासारखी बोलतें. विनोद होत नाहीं." मग म्हणाली, "त्यांत अप्पांना काम द्यायचें आहे. ते हल्लीं कोणाकडे जात नाहींत, येत नाहींत. घरांतच बसतात."

का, हे मी विचारले नाही. मीही घरातच बसत होतो, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटले नाही. "जाऊन येतें, मामा," म्हणून ती गेली. या मुलीला ते शब्द पाठच होते. शेजारच्या खोलीत पाणी प्यायला जातानाही ती "येतें" म्हणून जायची.

फिल्मचा विषय मला थेट पडद्यावरच कळला. तो सांगण्याआधी आमची एक रीत सांगायला हवी. ज्या घरात कोणी गेले आहे तिथे भेटायला गेलेला माणूस निघताना "येतो" म्हणत नाही. अशा कारणाने परत येणे नको, म्हणून. काहीही न बोलता उठायचे आणि चालू लागायचे. इथे तमिळ घरांतही तसेच आहे. बायको गेली तेव्हा आमच्या घरी पुष्कळ माणसे आली. ती बसायची, खाली बघायची, आणि मी क्षणभर दुसरीकडे पाहिले की खुर्ची रिकामी असायची. रीत मला ठाऊक होती. तरी त्या रिकाम्या खुर्च्या मला बघवत नसत.

फिल्म अशी. एक माणूस दुखवट्याला येतो. घरातला म्हातारा गप्प बसलेला आहे. तो तिच्या गटातला एक मुलगा होता, केसांना पावडर लावलेला, आणि मान हलवली की पावडर खांद्यावर पडत होती. बाजूला घरची थोरली बाई, पदर खोचलेली, डोळे बारीक केलेली. पाहुणा बसतो, कसे झाले ते विचारतो, मान हलवतो. उठतो, आणि सवयीने म्हणतो, "बरें, जाऊन येतों." बाई बघते. पाहुण्याचा चेहरा पडतो. बोललेले पुसले जावे म्हणून तो काही विसरल्यासारखे करून पुन्हा खाली बसतो. कॉफी येते. कॉफी पिऊन उठतो, आणि पेला ठेवता ठेवता, "येतों हं." पुन्हा बसतो. तिसऱ्या वेळी तो ओठ दाताखाली धरून उठतो, दारापर्यंत पोचतो, एक चप्पल पायात घालतो, आणि खिशातला फोन वाजतो. बायकोचा. तिकडून आवाज, "निघालांत कां?"

"हो हो, येतों!"

आणि एका पायात चप्पल तशीच ठेवून तो परत येऊन बसतो.

पाहुण्याचे काम तिच्या वडिलांनीच केले होते, आणि ते काम नव्हतेच. हे माझ्या घरी घडले होते. बायको गेली त्या आठवड्यात हेच गृहस्थ आले होते, याच जागी "येतों" म्हणाले होते, आणि माझ्या मेव्हणीने त्यांच्याकडे असेच बघितले होते. पांढरे पडून ते पुन्हा बसले, ते कितीतरी वेळ बसले. त्यांच्याबरोबर खिडकीशी एक मुलगी बसली होती, हे मला पडद्यासमोर बसल्यावर आठवले. ते कोणाकडे का जात नाहीत, हेही तेव्हाच कळले. नंतर ही गोष्ट आमच्या लोकांत फिरली होती, आणि ती सांगताना लोक त्यांना वेंधळा म्हणत असत. त्या दिवशी ते उशिरापर्यंत बसले याचे मला किती बरे वाटले होते, हे मात्र मी कोणालाच सांगितले नव्हते. त्यांनाही नाही.

फोनवरचे ते "हो हो, येतों" ऐकले आणि मी हसलो. साधे हसणे नव्हते ते. इतक्या महिन्यांत आले नव्हते तेवढे सगळे एकदम आले. आवाज झाला. आणि हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता. तमिळ प्रेक्षक खालची अक्षरे वाचत होते, त्यांना पडद्यावर हार घातलेला फोटो दिसत होता, आणि पुढच्या रांगेत बायको गेलेला मी दिसत होतो. माझ्यासमोर कोण हसणार? मागे बसलेले आमचे चार लोकही माझ्यामुळेच तोंड दाबून बसले होते. हे मला नंतर कळले. त्या वेळी एवढेच कळले की लग्नाच्या हॉलात, वर्षाच्या आत, बायकोच्या दुखवट्यावर मी एकटा मोठ्याने हसलो आहे, आणि मागे तिची बहीण बसलेली आहे.

मी खांद्यावरचा टॉवेल ओढून तोंडावर घेतला आणि खाली वाकलो. हसू थांबेना. खांदे हलत होते. तेवढ्यात स्टुडिओवाल्याचा हात माझ्या पाठीवर आला, जड आणि ऊबदार. "सार, सार," तो हळू आवाजात म्हणत होता. बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि विचारले, "बाहेर जायचं का?" मी टॉवेलातूनच मान हलवली. मागून कोणीतरी चुकचुकले.

तेव्हाच टॉवेल काढायचा होता. मी काढला नाही. उलट तो डोळ्यांवर सरकवला, आणि फिल्म संपेपर्यंत तसाच बसलो. तो हात पाठीवर राहू दिला. बायकोसाठी रडणारा नवरा म्हणून ती माया मी घेतली, आणि ती मला हवीशीही वाटली. लिहायला सगळ्यात जड जाते ते हेच.

सगळ्या फिल्म झाल्यावर आम्ही नवरीच्या खोलीत बसलो. तिथल्या आरशाला लग्नालग्नांच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या. स्टुडिओवाला म्हणाला, "सार, मुलीची फिल्म चांगली आहे. फार चांगली. पण चिठ्ठीत विनोद आहे. हॉलमध्ये कोणी हसलं नाही, आणि तुमचं तर…"

बाई म्हणाल्या, "अक्षरं वाचून मला काही जागी गंमत वाटली. पण भाषा तुमची, रीत तुमची. तुम्ही सांगा. ही विनोदात बसते का?"

मी म्हणालो, "दुखवट्याच्या घराचा विनोद होत नाही."

कागदावर सगळ्यात वर माझे वाक्य छापलेले होते. तो कागद स्टुडिओवाल्याच्या मांडीवर होता. माझ्या शिकलेपणावर त्या दोघांचा इतका विश्वास होता की त्यांनी तिकडे पाहिलेही नाही. फिल्म बाद ठरली.

दारावर टकटक झाली. निकालाआधी गटाने एक प्रश्न विचारायची मुभा होती. ती मुलगी दारातच उभी राहिली, आणि त्या दोघांना कळू नये अशा बेताने, आपल्या मराठीत बोलली.

"मामा, एकच विचारतें. तुम्ही हसलांत कीं रडलांत?"

फिल्म चालू असताना ती प्रोजेक्टरपाशी नव्हती. पडद्याच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून उभी होती. तिने माझा चेहरा टॉवेल यायच्या आधी पाहिला होता. मी विचारले, "तुला काय दिसलें?"

"मला दिसलें तें मला ठाऊक आहे. तुम्ही सांगां."

"काय म्हणते मुलगी?" स्टुडिओवाल्याने विचारले.

"निकाल कधी, म्हणून विचारते," मी त्याला तमिळमध्ये सांगितले. मग तिला म्हणालो, "हें आतां विचारूं नये."

ती मराठीत बोलली होती ती मला सांभाळून घेण्यासाठी. मी तेच मराठी तिला टाळायला वापरले. तिने दाराची चौकट सोडली. "बरें," म्हणाली, आणि वळून निघून गेली.

"येतें" म्हणाली नाही.

आमच्या लोकांना हे सांगावे लागत नाही. माणूस कुठून तसा निघतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. ती रागाने दार आपटून गेली असती तर मी बसून राहिलो असतो. ती माझ्यापुढून तशी निघून गेली जशी त्या आठवड्यात सगळी माणसे गेली होती.

तरी मी लगेच उठलो नाही. उठलो असतो तर आज एवढे लिहावे लागले नसते. मी आरशावरच्या टिकल्या बघत बसलो, आणि तेवढ्यात स्टुडिओवाला कागद घेऊन स्टेजवर गेलासुद्धा. बाई आणि मी मागून जाऊन आपापल्या जागी बसलो. बाद झालेल्या फिल्म आधी सांगायची पद्धत होती. एका प्रेमकथेचे नाव घेऊन झाल्यावर त्याचा आवाज मऊ झाला.

"पुढची फिल्म फार सुंदर आहे. इतकी की आमच्या सारांना रडू आवरलं नाही. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच. पण चिठ्ठी विनोदाची होती…"

हॉलमधून हळहळण्याचा आवाज आला. माणसे माना वळवून माझ्याकडे बघू लागली, दयेने. शेवटच्या रांगेत मुलीचे वडील होते. त्यांनी मान खाली घातली होती. तिथे, त्या सगळ्यांसमोर, त्यांनी पुन्हा एकदा माझ्या घरी चूक केली होती, आणि या वेळी मला रडवलेही होते.

मी उभा राहिलो. "मी रडलो नाही," मी तमिळमध्ये म्हणालो. आवाज कमी पडला, म्हणून पुन्हा म्हणालो. "मी रडत नव्हतो. हसत होतो."

स्टुडिओवाला माइक धरून तसाच उभा. "सार… मग टॉवेल?"

"टॉवेल लाजेचा."

मग तिसऱ्या रांगेतून माझ्या मेव्हणीचा आवाज आला, आमच्या मराठीत, घरी बोलावे तितक्या मोकळेपणाने. "मला ठाऊक होतें. रडतांना ह्यांच्या पायाचीं बोटें हलत नाहींत."

आमचे चार लोक मागे फुटले. तमिळ लोकांनी शेजाऱ्यांना अर्थ विचारला, आणि हसू एका रांगेतून दुसऱ्या रांगेत गेले. बाईंनी उठून स्टेजवरचा माइक घेतला. त्या हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या की मघाशी हॉल गप्प होता तो सारांमुळे, आणि सारांचा अभिप्राय आता बदलला आहे, तेव्हा फिल्म पुन्हा दाखवावी आणि या वेळी सारांनी मागे बसावे. त्यांनी माझ्याकडे बघितले तेव्हा त्यात दया नव्हती. तेच मला सोपे गेले.

मी मागे मेव्हणीच्या शेजारी जाऊन बसलो. पहिल्या "येतों"ला दोघे-तिघे हसले. फोन वाजला तेव्हा खुर्च्या हलल्या. पडद्यावरची थोरली बाई पुन्हा डोळे बारीक करून बघू लागली तेव्हा मेव्हणी माझ्या कानाशी आली.

"ती नेसली आहे ती साडी माझी आहे."

"तुझी?"

"नवरात्रांतल्या गोलूच्या बाहुलीला नमुना हवा म्हणून मागून नेली त्या पोरीनें. बघणेंही माझेंच नेलें, तें कधीं नेलें कोण जाणे."

ती रागावली आहे की खूश आहे ते मला कळले नाही. फिल्मचा शेवट मी पहिल्या वेळी टॉवेलाआड चुकवला होता. तो आता पाहिला. संध्याकाळ होते. पाहुणा थोरल्या बाईला घेवडा निवडून देत बसलेला असतो. म्हातारा उठतो, पंखा त्याच्या बाजूला वळवतो, आणि सगळ्या फिल्ममध्ये एकदाच बोलतो. "राहा कीं जेवायला. बाकीचे सगळे न सांगतां जातात." मग दूध आणायला पिशवी घेऊन तो दाराशी जातो आणि सहज म्हणतो, "येतों." बाई आता त्याच्याकडे बघते.

हॉल हसत होता. मला त्या वेळी हसू आले नाही. मी माझ्या घरी त्या गृहस्थांसाठी पंखा वळवलेला नव्हता. त्या मुलीने माझ्या बाजूने तेवढे घालून घेतले होते.

प्रकारात बसण्याचे गुण बाईंनी पूर्ण दिले. मी त्या फिल्मला गुण दिले नाहीत, तो हक्क माझा राहिला नव्हता. पहिले बक्षीस एका भुताच्या फिल्मला मिळाले. मुलीची फिल्म मात्र तंजावरला दाखवायच्या फिल्ममध्ये गेली. स्टुडिओवाला माझ्याशी नंतरही चांगलाच बोलला, पण पाठीवर हात ठेवला नाही. त्याच्या दुकानावरून जायचे मी अजून टाळतो. परीक्षक म्हणून पुन्हा बोलावणे आले तेव्हा मी नाही म्हणून कळवले.

हॉलमधून निघताना दाराशी मुलगी उभी होती, वडील तिच्या मागे. इतकी पुस्तके वाचून चुकले म्हणण्यासाठी एक धड वाक्य तोंडात आले नाही. तिने ते मागितलेही नाही.

"बस आहे आमची," ती म्हणाली. "जाऊन येतें, मामा."

"ये," मी म्हणालो.

तिचे वडील पुढे आले. त्यांनी तोंड उघडले, मग सवयीचा शब्द तिथेच धरला आणि नुसते हात जोडले.

"म्हणा की," मी म्हणालो.

त्यांनी माझ्या मेव्हणीकडे पाहिले. "वर्ष झालें नाहीं अजून."

मेव्हणी चप्पल शोधत होती. तिने वर पाहिले नाही.

"त्या दिवशी तुम्ही बसलांत तें मला बरें वाटलें होतें," मी म्हणालो. "तेव्हां सांगायला हवें होतें. म्हणां."

"येतों," ते अगदी हळू म्हणाले, आणि बसच्या दिशेने निघाले. पाच-सहा पावलांवर त्यांनी एकदा मागे वळून पाहिले, परत येऊन बसावे लागेल की काय, अशा चेहऱ्याने.